तीनदा दाबलेला ब्रेक

चाकावर पाणी पडलं, चर्र आवाज झाला, पांढरी वाफ उठली आणि सगळं मैदान हात जोडून उभं राहिलं.

"निकल गया," चक्रानंद महाराज डोळे मिटून म्हणाले. "आगीतून आला होता, पाण्यानं गेला. बाबांनो, लोखंडाले आग विसरता येत नाही. तुमच्या गाडीचं लोखंड कोणाच्या तरी हायेनं भाजलेलं असते. म्हणून चाक तापते, म्हणून ब्रेक खाल्ला जाते. खाणारा वेगळाच असते."

छत्तीसगढच्या पोलादनगरीत, भिलाई-3 च्या अलीकडे, रस्त्यापेक्षा जरा उंचावर असलेल्या त्या मैदानात दर शनिवारी तीस-चाळीस गाड्यांची रांग लागायची. आणि रांगेत कोण? फिटर, क्रेन ऑपरेटर, फोरमन. कामावर परमिटवर सही झाल्याशिवाय साध्या पंख्याच्या पट्ट्यालाही हात न लावणारी माणसं. तीच माणसं सुटीच्या दिवशी घरची गाडी, बायकापोरं आत बसवून, एका भगव्या लुंगीवाल्याच्या हवाली करत होती. काय म्हणावं या लोकांना?

रांगेत सातव्या नंबरावर रामाजी उभा होता. वय एकसष्ट, राहणार रिसाली. कारखान्यातल्या अवजड क्रेनचे ब्रेक दुरुस्त करण्यात तेहतीस वर्षं गेलेली. तो दर्शनाला आला नव्हता, सूड घ्यायला आला होता. तसं त्यानं बायकोला, मथुराला, सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं.

महाराजांच्या चौथऱ्यावर एका चेंबलेल्या गाडीचा मोठा फोटो टांगला होता. खाली लिहिलं होतं, 'शंका का फल'. ती गाडी रामाजीच्या लेकीची होती, भूमिकाची.

भूमिका शाळेत खेळ शिकवायची. कबड्डीत तिच्या शाळेच्या पोरी राज्यस्तरापर्यंत गेल्या होत्या. तिच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आठ हजार किलोमीटरमध्येच संपले. नवे टाकले, तेही तसेच गेले. चाकाजवळ जळका वास यायचा. रामाजी म्हणाला, पाहू सवडीनं. मथुरा म्हणाली, नजर लागली, महाराजांकडे नेऊ. आणि मायलेकी गेल्या. विधी झाला, चाकं मोकळी झाली, एका बोटानं ढकलली तर गाडी सरकली. मथुरा प्रसादाला मागं थांबली, भूमिका एकटी गाडी घेऊन मैदानातून निघाली, उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. खाली रेतीचा ट्रक उभा होता. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण धावणार नाही.

महाराजांनी निरोप धाडला, "पोरीच्या मनात शंका होती. शंकेनं मंत्र तुटला."

रामाजीला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. दवाखान्यात भूमिकानं त्याचा हात धरून हळूच विचारलं होतं, "बाबा, माह्या मनात खरंच आलं होतं का हे सगळं ढोंग आहे. म्हणून झालं असंन का हो?" इतकी शिकलेली, इतकी धीट पोरगी, आणि त्या हरामखोरानं तिला तिच्याच डोक्याची भीती घातली. त्या दिवसापासून रामाजीला जेवण गोड लागलं नाही.

तो चेंबलेली गाडी पाहायला गेला. ऑइल पूर्ण होतं, नळी कुठं फुटलेली नव्हती. इंजिन बंद असताना त्यानं पेडल दोन-चारदा दाबलं तर ते दगडासारखं कडक झालं. म्हणजे ब्रेक शाबूत होता. मग पुढची चाकं काढली. दोन्ही पुढच्या चाकांत पॅडच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते. तेहतीस वर्षं ब्रेक हाताळलेल्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं? कोणीतरी पॅड मागे रेटले होते. पॅड मागे रेटला की चाक मोकळं फिरते, पण पहिल्यांदा पाय दिला की पेडल नुसतं आत जाते. पॅड पुन्हा चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला भिडायला दोन-तीनदा दाबावं लागते. गॅरेजमधलं प्रत्येक पोट्टं पॅड बदलल्यावर आधी पेडल दाबून घेते, मगच गाडी हलवते.

आणखी एक गोष्ट त्याला दिसली. पण ती पुढे सांगतो.

आज त्यानं भाचा राहुलची गाडी आणली होती. तिचीही चाकं तापायची. रांगेत लागण्याआधी त्यानं पॅडच्या पाठीला आणि पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या कडेला गर्द निळी लावली, डिस्कला लागणार नाही अशा बेतानं. बेअरिंग कुठं टेकते ते पाहायला फिटर लोक लावतात, तीच ही निळी. बोटांना लागली की तीन दिवस साबणाला दाद देत नाही.

नंबर आला. "पॅड किती चालले?" महाराजांनी विचारलं.

"आठ हजार."

"आठ. शनीचा आकडा," महाराज म्हणाले. नऊ सांगितले असते तर मंगळाचा निघाला असता, सात सांगितले असते तर त्यांच्यापाशी त्याचाही कोणी मालक तयार होता.

चाकांवर पाणी पडलं, वाफ निघाली, लोकांनी हात जोडले. मग पट्टशिष्य रोशन पुढं आला, चाळिशीतला, पिळदार मिशीचा. त्यानं स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं, चाकावर लाल कपडा टाकला आणि कपड्याखाली दोन्ही हात घालून 'बंधन सोडलं'. मग दुसऱ्या चाकाचंही सोडलं. महाराजांनी बोट लावलं, गाडी सरकली. जयजयकार झाला.

"महाराज," रामाजी हात जोडून म्हणाला, "माह्या पायात आता दम नाही. तुमीच खाली रस्त्यापावतर चालवून द्या. तुमचा हात लागला का माही गाडी पावन होईन."

लोकांनी उचलून धरलं. एवढ्या गर्दीत नाही कसं म्हणणार? महाराज लुंगी सावरत आत बसले, इंजिन सुरू केलं. रामाजी वाकून उघड्या दारातून त्यांच्या पायाकडं पाहत होता.

पाय पेडलवर गेला. एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. मग त्यांनी गिअर टाकला.

रामाजीनं हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"गाडी तर अजून निघालीबी नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "ब्रेक तीनदा कावून दाबला, महाराज?"

"आदत है."

"आदत? माह्या पोरीले ही आदत कावून नाही सांगितली? त्या फोटोतली गाडी तिची आहे. तुले मालूम होतं का पहिल्या खेपेले ब्रेक लागत नाही. तू सोताचा जीव वाचवाले तीनदा दाबतोस, अन् माही पोरगी हसत हसत उतारावर गेली तवा तू हात वर करून आशीर्वाद देऊन राहिला होतास."

चुळबुळ सुरू झाली. कोणी म्हणालं, काका, तोंड सांभाळा. रामाजीनं वाद घातला नाही. सहाव्या नंबरची कमला नावाची बाई विधी उरकून निघायच्या बेतात होती, मागच्या सीटवर दोन लेकरं.

"बाई, गाडी हलवू नका. इंजिन चालू करून बसल्या जागी ब्रेक दाबा. एकच डाव."

कमलानं दाबला. पेडल तळाला टेकलं. तिनं पायाकडं पाहिलं, मग आरशात लेकरांकडं पाहिलं. तिनं इंजिन बंद केलं आणि दोघांना हाताला धरून खाली उतरवलं.

"आता याचे हात पाहा," रामाजी म्हणाला.

रोशननं हात पाठीमागं लपवले. दोन फोरमननी ते पुढं ओढले. बोटं गर्द निळी होती. झोळीतून स्क्रूड्रायव्हर निघाला, त्याचं टोकही निळं होतं. कारखान्याच्या माणसांना निळी म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. मघाशी तोंड सांभाळा म्हणणारा माणूस खाली पाहू लागला.

"वाफेचं काय?" कोणीतरी विचारलं.

"तापल्या तव्यावर पाणी टाका, वाफच निघते. अन् तवा तापला तो माह्यासारख्याच्या मूर्खपणानं," रामाजी म्हणाला. आता ती राहिलेली गोष्ट. "आपल्या सगळ्याइच्या घरी कारखान्याच्या ग्रीसचा डबा आहे. आपाले वाटते, दहा टनाच्या बेअरिंगले चालते ते गाडीले का नाही चालणार? मीच पोरीच्या कॅलिपरच्या पिनाइले ते लावलं. राहुलच्याबी लावलं. कॅलिपर त्या पिनाइवरच मागंपुढं सरकते, अन् त्याइवर रबर असते. या ग्रीसनं रबर फुगते, पिना अडकते, पॅड डिस्कले चिकटूनच राहते. म्हणून चाक तापते, म्हणून पॅड आठ हजारात संपते. तिथं रबराले चालणारं सिलिकॉन ग्रीस लागते. ब्रेक खाणारा कोणी भूत नव्हता, मी होतो. मी लाज वाटून गप बसलो नाही, बोलून राहिलो. आता हा महाराज बोलंन."

फाटकाशी रिक्षा थांबली होती. त्यातून मथुराच्या आधारानं, काठी टेकत भूमिका उतरली. लोक बाजूला झाले. ती महाराजांसमोर आली.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "मले एका शब्दानं सांगितलं कावून नाही? का तीनदा दाब म्हणून?"

उत्तर रोशननं दिलं, फोरमनच्या पकडीत घामाघूम होऊन. "ताई, सांगितलं तर लोक विचारतील, आत काय केलं म्हणून. महाराज म्हणाले, बहुतेकांचा पाय आपोआप दोनदा पडतेच. एखाद्याचं काही झालं तर शंका आली म्हणायचं."

महाराज तिच्या पायाशी वाकले. "बेटी, गलती हो गई. माफ कर दे."

"नाही," भूमिका म्हणाली. "मी नाही करणार माफ. कोणी सांगू नका मले मन मोठं कर म्हणून. बाबा, पोलीस ठाण्यात चला. कमलाताई, तुमीबी या, तुमची गाडी इथंच राहू द्या, पंचनामा होईन."

मथुरा रडत होती. भूमिकानं तिचा हात सोडला नाही, पण डोळेही पुसले नाहीत. फोरमननी महाराज आणि रोशन दोघांना रांगेतल्याच एका जीपमध्ये कोंबलं, आणि कोंबताना हात जरा जड पडला असेल तर रामाजीला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

निघण्याआधी लोकांनी त्याला घेरलं. काका, आमी आता काय करायचं?

"काय करायचं म्हणजे?" रामाजी वैतागून म्हणाला. "कामावर जे करता तेच घरी करा. दहा हजार किलोमीटरले चाक काढून पॅड पाहा. गाडी थांबली का चाकाजवळ पालथा हात धरून पाहा, एक चाक जास्त तापलं तर मिस्त्री गाठा. त्यानं कपड्याखाली काम केलं तर कपडा उचला. कोणी काही केलं का विचारा, काय केलं, कावून केलं. विचारलेलं ज्याले चालत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नका, अन् लेकरंबी देऊ नका."

मग तो भूमिकाकडं वळला. इतके दिवस जे सांगायचं होतं ते त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं.

"पोरी, तुले शंका आली होती ना? ती बरोबर होती. त्या दिवशी या मैदानात एकट्या तुहंच डोकं ठिकाणावर होतं. आमी तुह्या शंकेचं ऐकलं असतं, तर तू आज धावत असतीस."