पॉलिशचा वास

मुलीच्या फीला मदत करणाऱ्या संस्थेची माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी सूत्रं हाती घेतली. त्यांची दोन मुलं अशाच पाहणीतून पार होऊन शिकली होती, त्यामुळे गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. कुणाकडे पाहणी असली की त्या आधी येऊन घर गरीब करून देत.

"फ्रिज माझ्याकडे. मिक्सर माझ्याकडे. पंखा राहू दे, पण लावायचा नाही. आणि तो ड्रेस बदल गं, लग्नाला चाललीस का?"

मुलीनं ड्रेस बदलला. कॉलेजचं पहिलं वर्ष संस्थेच्या मदतीवर निघालं होतं. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या पाहणीवर अडकली होती. ती मिळाली नाही, तर आईबरोबर शिवणकारखान्यात उभं राहायचं, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. आईला तर आजच्यापुरतीही सुट्टी मिळाली नव्हती.

घोळ केला तो वडिलांनी. ते फर्निचरला पॉलिश करत. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, त्यात कापसाचा बोळा भिजवायचा आणि लाकडावर फिरवत राहायचं, दिवसभर. पाहुणे येणार आणि घरातलं एकुलतं एक टेबल असं कळकट, हे त्यांना बघवेना. आदल्या संध्याकाळी त्यांनी उरलंसुरलं पॉलिश आणून त्यावर असा हात फिरवला, की खोक्याच्या फळ्यांना सागवानाचा तोरा आला.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, टेबल आहे की नवरी? आता हे कुठं लपवू?"

टेबल खोलीतच ठोकून बनवलेलं, दारातून बाहेर निघेना. शेवटी त्यावर जुनी चादर टाकली.

पाहणीला एक साहेब आणि एक मॅडम आल्या. साहेबांनी गादी दाबून पाहिली, डब्यांची झाकणं उघडली. "साखर बरीच भरलीय," ते म्हणाले. मॅडमनी दोरीवरचे कपडे दोन बोटांनी बाजूला केले. त्यात आईचे आतले कपडेही होते. मुलगी हसरा चेहरा करून उभी राहिली. तोंडात आंबट पाणी येत होतं, ते ती गिळत होती.

मग मॅडमनी चादर उचलली.

"नवं टेबल?"

"नाही मॅडम, खोक्याच्या फळ्यांचं आहे. बाबांनीच पॉलिश..."

"असं सगळेच सांगतात." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "आमच्याकडे खरे गरजू रांगेत आहेत, बाळ."

तेवढ्यात वडील कामावरून धावतपळत आले. स्पिरिटच्या वाफेनं डोळे लाल, हात मनगटापर्यंत काळपट. त्यांनी वाकून हात जोडले आणि मॅडमनी रुमाल नाकाला लावला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

"रोज पितात का गं?" त्यांनी मुलीला विचारलं. वडील जणू तिथं नव्हतेच.

वडिलांनी जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. हा कामाचा वास आहे, एवढंच सांगायचं होतं. मुलीनं तोंड उघडलं; पण साहेबांच्या पेनाचं टोपण पुन्हा निघत होतं आणि ती त्या टोपणाकडे बघत राहिली. वडिलांनीही ते पाहिलं.

"पितो साहेब," ते म्हणाले. "रोज. पोरीचा काही दोष नाही."

"आणि हे टेबल?"

"नशेत घेतलं, साहेब."

"खरं?" साहेबांनी तिच्याकडे वळून विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या गालावरून हात फिरवला. "अशा घरात राहून शिकतेस! तुझी मदत चालू राहील हं. पुढच्या महिन्यात समारंभ आहे, यांना घेऊन ये. स्टेजवर दारू सोडायची शपथ घेऊ देत. देणगीदारांना असलं फार आवडतं."

"जरा लाज बाळगा," साहेब निघताना वडिलांना म्हणाले.

"चुकलं साहेब."

फ्रिज ढकलत परत आणताना काकूंना हसू आवरेना. "आमच्या पाहणीला मी उगीच ह्यांना आजारी पाडलं होतं! दारूचं मला नाही बाई सुचलं!" वडीलही हसले. मुलगी मोरीत जाऊन थुंकली. गालाला त्या बोटांच्या क्रीमचा गोड वास येत होता. तो धुतला तरी जाईना.

मग वडील हात धुवायला बसले. ती वरून पाणी ओतत होती. त्यांनी साबण मागितला, हात पुढे केला आणि मध्येच थांबले.

"त्या समारंभाच्या दिवशी आधी कामावर जाऊन येऊ का गं? वास नसला तर लोकांना खरं वाटायचं नाही."

चेष्टा नव्हती. ते खरोखरच विचारत होते. तिनं थोडा विचार केला.

"जाऊन या, बाबा," ती म्हणाली. "हात मात्र धुऊ नका."