जवळचा नंबर

माझ्या भावोजींना शहरातलं काही म्हणजे काही लागत नाही. मला हे पाठ आहे, कारण आल्यागेल्याला ते तेवढंच सांगतात. आठ वर्षांपूर्वी त्यांनी शहरातलं घर विकलं आणि ताईला घेऊन डोंगराच्या उतारावर राहायला गेले. विहीर स्वतःची, भाजी स्वतःची, दूध शेळ्यांचं, साबणसुद्धा राखेचं पाणी आणि तेल उकळून घरीच. माझ्या चष्म्याच्या दुकानात उभं राहून एकदा म्हणाले होते, "उद्या शहर बंद पडलं, तर तुम्ही लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसाल." समोर गिऱ्हाईक होतं. मी मुकाट्याने फ्रेम पुसत राहिलो.

मग एका शेळीने त्यांचा चष्मा तुडवला. दुसरा कोणी असता तर आठवडाभरात नवा करून घेऊन गेला असता. यांनी म्हणे ठरवलं, की जे आपल्याला बनवता येत नाही त्याच्यावाचून राहायला शिकायचं. दोन वर्षं माणूस चाचपडत जगला. परवा विहिरीच्या पडक्या कठड्यावरून त्यांचा पाय आत गेला, ताईने मागून सदरा धरला म्हणून वाचले. त्यानंतर तिने त्यांचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही, पहिल्या बसने त्यांना माझ्याकडे आणलं.

तपासणीच्या खुर्चीत ते आरोपीसारखे बसले. समोरच्या फळ्यावरचं सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर सोडलं तर त्यांना नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मी एकेक भिंग टाकत गेलो, तसतसे ते एकेक ओळ खाली उतरले. शेवटी हातात बारीक छपाईचं कार्ड दिलं, तेही घडाघडा वाचलं. वाचून झाल्यावर मात्र कार्ड मांडीवर पालथं घातलं. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटत असेल.

काचा घासायचं मशीन मागच्या खोलीत आहे. ताई माझ्यामागून आत आली आणि तिने दार लोटलं.

"ऐक. लांबचा नंबर बरोबर बसव. जवळचा जरा कमी कर."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना विहीर दिसू दे. साबण नको."

मी मशीन बंद केलं. ती खाली बघून बोलत राहिली. साबण करताना राखेचं पाणी उडून तिच्या हातांना भेगा पडायच्या, पीठ मळायला घेतलं की डोळ्यांतून पाणी यायचं. चष्मा फुटल्यावर काही महिन्यांनी तिने रस्त्यावर येणाऱ्या मालाच्या गाडीतून एक साबण घेतला. सुरीने वेडावाकडा कापला, वरचं नाव ओल्या अंगठ्याने घासून पुसलं आणि मोरीत ठेवला. मग दोरा आला, मग मेणबत्त्या आल्या.

"त्यांना वाटतं, सगळं आपण आपल्या हातांनी करतो," ती म्हणाली. "झाकली मूठ आहे, तोवर बरं आहे. त्यांच्याकडे दुसरं आहे काय रे? हेही खोटं निघालं तर हा माणूस नुसता बसून राहील. मला त्याची भीती वाटते."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खणातून मी कमी नंबरची काच काढलीसुद्धा. पण जवळच्या नंबरावर माणूस बोटातला काटा काढतो, बी निवडतो, औषधाची बाटली वाचतो. लोकांना नीट दिसावं, याच कामावर आयुष्यभर पोट भरलं, आणि आता घरच्याच माणसाला कमी दाखवू? माझ्याने होईना. मी काच परत खणात ठेवली.

"ताई, नंबर मी बरोबरच देणार. तू काय ते त्यांच्याशी बोल."

तिने दार उघडलं. बाहेर जाऊन भावोजींच्या शेजारी बसली, हात पदराखाली घेऊन.

चष्मा तयार झाला. मी तो भावोजींच्या कानांवर नीट बसवला. त्यांनी आरशात पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं नाही. ताईचा हात पदराखालून काढून घेतला, काचेच्या खालच्या, जवळच्या नंबराच्या भागासमोर धरला आणि तळवा उलटासुलटा करून बराच वेळ बघत बसले.

"भेगा पार भरल्या की," ते म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला. "अहो, तो साबण..."

"विकतचा आहे. माझे डोळे गेले होते, नाक नव्हतं गेलं. आपल्या साबणाला जन्मात कधी फेस आला होता का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत राख उकळायला बसली असतीस." ते हात सोडायला तयार नव्हते. "पहिले काही महिने माझा हट्ट होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर चष्मा टाळला तो यासाठी. दिसलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि राख उकळू नकोस म्हटलं असतं तर माझ्या बढाया मलाच निस्तराव्या लागल्या असत्या. त्या तू निस्तरत होतीस."

ताई रडली की हसली ते सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच चाललं होतं. माझ्या खांद्यावरून मात्र पोतं उतरल्यासारखं झालं. खणातली ती काच बसवली असती, तर हा हात त्यांना असा दिसला नसता.

जाताना दोघं शेजारच्या दुकानात शिरले. ताई एकेक साबण नाकाशी नेत होती, तिला घाई नव्हती. भावोजी एका वेष्टनावरची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचत होते. वाचून झाल्यावर दुकानदाराला म्हणाले, "एक डझन द्या. आमच्याकडे हा बनत नाही."