शकूआजीच्या मांडीवरचं सूप

मी एक जुनं सूप आहे, आणि जुनं असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या फ्लॅटमध्ये मी नसेनही, पण एखादा कार्यक्रम संपला की 'सूप वाजलं' असं तुम्हीही म्हणताच ना? ते आमचंच नाव!

बांबूच्या कामट्या विणून मला घडवलं. शकूआजीने मेथी आणि कागदाच्या लगद्याने मला लिंपलं, उन्हात वाळवलं. घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर नव्हते, तिची भातशेती होती. ती पाखडायला बसली की खडा काय, कोंड्याचा कणही टिकत नसे. आयाबाया म्हणायच्या, "हात असावा तर शकूचा!" अर्धं कौतुक माझंच, हे मला ठाऊक होतं.

मग शेतात इमारती आल्या. आजीला दोन फ्लॅट मिळाले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तांदूळ निवडलेलाच येऊ लागला. मला फार वाईट वाटलं.

पुढे आजीला अल्झायमर झाला. ती स्टीलच्या ताटात तांदूळ पाखडू लागली, तेव्हा कल्पिताने, तिच्या मुलीने, मला खाली काढलं. पण आजी शेत शोधायला भर रहदारीत निघू लागली. एकदा बसखाली येता येता वाचली. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रात तिला ठेवायचं ठरलं.

"लोक काय बोलतील, आईला बाहेर ठेवली?" आजीचा मुलगा नयन म्हणाला.

"बोलू दे रे. आई रस्त्यावर गेली तर ते लोक येणारेत का धरायला?" कल्पिता म्हणाली.

खर्चाचं कोडं मात्र नयननेच चुटकीसरशी सोडवलं. "दुसऱ्या फ्लॅटचं भाडं आईलाच. जमीन तिची होती, उपकार कसले?" मला त्याचा अभिमान वाटला.

कल्पिता मला पिशवीत घालून केंद्रं बघत फिरली. एका चकचकीत ठिकाणी मॅनेजर म्हणाला, "हा कचरा नको मॅडम, इथे त्यांनी फक्त आराम करायचा." कचरा म्हणे! कल्पिता तिथून उठलीच. टिटवाळ्याच्या केंद्रात सगुणाताई नावाच्या प्रमुख होत्या. त्यांनी विचारलं, "ओट्यावर बसून पाखडतील ना?" तिथे आमचं जमलं.

पण खरी अडचण पुढेच होती. भेटून निघताना कल्पिता म्हणे, "येते हं आई." झालं! आजी मला बाजूला टाकून फाटकाशी जाऊन बसे. "पोरगी येते बोलली." जेवण नाही, पाणी नाही. आजी खंगू लागली.

"असंच चाललं तर त्यांना घरी न्यावं लागेल," सगुणाताईंनी बजावलं. "तुम्ही सरळ 'जाते' म्हणा."

"जीभ रेटत नाही हो. निघताना 'जाते' म्हणू नये, हे आईनेच शिकवलंय."

पुढच्या रविवारी कल्पिता बराच वेळ आजीजवळ बसली. आजीने तिला ओळखलं नाही. शेवटी तिने माझ्यात ओंजळभर तांदूळ टाकले आणि कसंबसं म्हणाली, "आई, मी जाते."

आजीचे हात थांबले.

"जाते असा नाय बोलाचा, पोरी. येते बोल."

कल्पिताच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसलीही. "येते, आई."

"हां. ये सावकाश," आजी म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. फाटकाकडे तिने पाहिलंही नाही. निरोप आज तिने स्वतः दिला होता. दुपारी ती पोटभर जेवली.

मित्रांनो, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. पण सुपातल्यांनाही एक दिवस जात्यात जायचंच असतं, हे मला रोज दिसतं. तुमच्या घरी कुणी विसरू लागलं, तर त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. तुमचं नाव त्यांना आठवलं नाही तरी रुसू नका. जवळ बसा. आई असणं आई विसरत नाही.