मिस्त्रीने निवडलेली सपाट जागा

सहलीची जागा ठरवायला मिस्त्रीने तीन रविवार घालवले, याचं त्याच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही. जो माणूस हॉटेलात शिरताना आधी मागचं दार शोधतो, गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येतो, तो बायकामुलांना तंबूत झोपवायला नेणार म्हटल्यावर तीन रविवार तसे कमीच. वीस वर्षं तो लोकांच्या घरात फरशा बसवत होता, त्यामुळे घरीदारी सगळ्यांसाठी तो मिस्त्रीच होता.

यंदा काळजीला कारणही होतं. त्याच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि ती वॉकर धरून चालत होती. बायको म्हणाली, "आईंना चार दिवस ताईंकडे ठेवू." ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असे, आणि घरातल्या प्रत्येकाचा डोस ठरवून द्यायची तिला सवय होती. पण मिस्त्री हटून बसला. आई येणार आणि सगळ्यांबरोबर येणार. म्हणून जागा हवी ती सपाट, वॉकर कुठेही अडायला नको अशी.

शेवटी दोन जागा उरल्या. एक टेकडीवर, ऐंशी पायऱ्या चढून, वेडीवाकडी आणि उतरती. दुसरी तिच्याच पायथ्याशी, नदीकाठी. तिथे गवताचं मोठं मैदान होतं, गाडी थेट आत येत होती आणि स्वच्छतागृहाला खालपासून वरपर्यंत टाइल्स होत्या. तिसऱ्या रविवारी मिस्त्री एकटाच जाऊन आला. जाताना त्याने आपली पाणसळ नेली होती. ही हातभर लांबीची पट्टी. तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध थांबला की जमीन समतल समजायची. मैदानात फळी टाकून त्याने अकरा ठिकाणी पाणसळ लावली आणि अकराही वेळा बुडबुडा मधोमध थांबला. इतकी सरळ लादी तर माणसाच्या हातूनही होत नाही. तो घरी आला तो असा खुशीत, की बायकोला वाटलं लॉटरी लागली.

"पण वरून सगळं दिसतं ना, बाबा," भिंगरी म्हणाली. ही त्याची नऊ वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव.

"वरून माणसं पडतात," मिस्त्री म्हणाला, आणि विषय तिथेच मिटला.

हंगाम सुरू व्हायचा होता. गुरुवारी दुपारी ते पोहोचले तेव्हा मैदानात त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. फाटकाजवळच्या केबिनमध्ये एक गोलमटोल व्यवस्थापक पेंगत होता. तंबू उभा राहिला. आई वॉकर घेऊन एकटीच नदीपर्यंत गेली, तळातले गोटे बघून परत आली आणि म्हणाली, "अरे, एकदाही ठेचकाळले नाही बघ!" मिस्त्रीला भरून आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने पाय पसरले आणि अर्धा तास कशाचीही काळजी केली नाही.

चार वाजता तो हात धुवायला स्वच्छतागृहात गेला.

काम चांगलं होतं, निदान टाइल्स बसवणाऱ्याने जीव लावला होता. भिंती कुणीतरी घासूनपुसून चकाचक केल्या होत्या. पण टाइलवरचा डाग निघतो, सांध्यात मुरलेला निघत नाही, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. खालून छातीपर्यंत सगळे सांधे तपकिरी होते. तिथून वर पांढरेशुभ्र. त्याने वाकून पाहिलं. तपकिरीतही फरक होता. गुडघ्यापर्यंत गडद, कमरेपर्यंत जरा फिका, छातीपर्यंत आणखी फिका. एकावर एक तीन रेघा, चारही भिंतींवर, एकाच उंचीला.

त्याने गाडीतून पाणसळ आणली आणि वरच्या रेघेला लावली. बुडबुडा मधोमध आला.

इतकी सरळ रेघ फक्त पाणी मारतं. मिस्त्रीच्या उस्तादाने पहिल्या दिवशी त्याला पाटी उचलायला लावली नव्हती, थापीही दिली नव्हती, मोकळ्या खोलीत उभं करून विचारलं होतं, "इथलं पाणी कुठे जाणार?" त्याचं उत्तर येईपर्यंत एकही फरशी बसू द्यायचा नाही. वीस वर्षं प्रत्येक मोरीला ढाळ देताना मिस्त्रीने तो प्रश्न स्वतःला विचारला होता. इथे आईच्या वॉकरपायी विसरला. नदीकाठचं मैदान इतकं सपाट कुणी केलं, एवढंही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तो बाहेर आला. मैदानावर ऊन होतं. मागे दूरवर डोंगर मात्र काळेकुट्ट झाले होते. तो नदीशी गेला. दुपारी दिसत होते ते गोटे आता दिसत नव्हते.

"ते होय?" व्यवस्थापक डोळे चोळत म्हणाला. "आलं होतं एकदा पाणी. नेहमी थोडंच येतं?"

"रेघा तीन आहेत."

व्यवस्थापकाने त्याच्याकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं आणि पायांत चपला सरकवल्या. मिस्त्रीची उरलीसुरली आशा तिथेच संपली.

तंबूशी बायको ब्रेडचे तुकडे कापत होती. "आत्ताच्या आत्ता वर चला," तो म्हणाला.

"झालं सुरू! अहो, मागे धूर धूर करत अख्खी इमारत खाली उतरवलीत तुम्ही. शेजारणीचं दूध करपलं होतं. आणि आईंना ऐंशी पायऱ्या?"

तिचं काही खोटं नव्हतं. मिस्त्रीलाही वाटलं, आपण नेहमीसारखे उगाच घाबरलो असू. गाडीने निघावं तर रस्ता नदीच्याच काठाने होता. आईला पाठीवर घेतलं आणि पायरीवर पाय घसरला तर? पाणी आलंच नाही आणि खुबा मोडला तर? त्याचे हात थरथरत होते.

आईने ते हात पाहिले. "सूनबाई," ती म्हणाली, "याचं तोंड रोजच घाबरतं. हात कधी थरथरताना बघितलेस?"

बायकोने सुरी खाली ठेवली.

आईला पाठकुळी घेऊन मिस्त्री पायऱ्या चढू लागला. पुढे व्यवस्थापक धापा टाकत चालला होता, मागे बायको औषधांची पिशवी घेऊन, तिच्यामागे भिंगरी. पायऱ्या उंच होत्या. आईचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता, आणि प्रत्येक पायरीला ती "सावकाश" म्हणत होती. त्याला म्हणत होती की स्वतःला, कोण जाणे. साठाव्या पायरीला खालून आवाज आला. इतका वेळ नदीचा आवाज येतच नव्हता. आता रस्त्यावरून जड गाड्यांची रांग जावी तसा तो येऊ लागला, आणि थांबेना.

वर पोहोचून त्याने आईला बाकावर बसवलं आणि वळला. बायको होती. तिच्यामागे कुणी नव्हतं.

"भिंगरी?"

"आत्ता तर माझ्या मागेच..." बायको वळून खाली बघू लागली.

मैदानाच्या मध्यावर भिंगरी होती. आजीचा वॉकर न्यायचा राहिला म्हणून ती परत गेली होती. दोन्ही हातांत तो उचलून ती उभी होती आणि तिच्याभोवती सगळं मैदान चकाकत होतं.

मिस्त्री पायऱ्या कसा उतरला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. खाली पाणी घोट्यापर्यंत होतं. ते नदीकडून येताना दिसत नव्हतं, एका बाजूने चढत नव्हतं. सगळ्या मैदानात एकाच वेळी, एकाच उंचीने वाढत होतं. चार पावलं मागे जाऊन उभं राहावं असा उंचवटा कुठेच नव्हता. पोर एकदा तंबूकडे वळत होती, एकदा फाटकाकडे, आणि पुन्हा जागच्या जागी थांबत होती.

"इकडे! माझ्याकडे बघ! नुसतं माझ्याकडे बघ!"

तो तिच्यापर्यंत पोहोचला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला आणि तिच्या मांडीला लागलं होतं. त्याने वॉकर हिसकून फेकला, तिला खांद्यावर टाकलं आणि परत फिरला. पाण्याला ओढ लागली होती. पायऱ्यांशी येईतो ते कमरेला आलं. तिसऱ्या पायरीवर, त्याच्यामागोमाग उतरून आलेला तो गोलमटोल व्यवस्थापक कठडा धरून उभा होता. त्याने हात पुढे केला आणि मिस्त्रीने तो पकडला.

वरच्या जागेतल्या माणसांनी पांघरुणं दिली, गरम पाणी दिलं, उतारावर एक तंबू रिकामा करून दिला. बायको भिंगरीचे पाय चोळत होती, आणि पाय कोरडे झाले तरी चोळतच होती. खाली तंबू दिसत नव्हता. स्वच्छतागृहाचं छप्पर तेवढं दिसत होतं.

"तुझ्यामुळे वाचलो रे," आई म्हणाली. बायकोने मान हलवली. मिस्त्रीला त्यातलं एक अक्षर सोसवेना.

भिंगरी त्याला चिकटली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी मुद्दाम थांबले नव्हते. मला कळेचना कुठे पळू. सगळीकडे सारखंच होतं."

"हो," मिस्त्री म्हणाला. "मी अकरा ठिकाणी बघितलं होतं."

मग मात्र त्याचे हात असे थरथरू लागले, की भिंगरीनेच ते आपल्या हातांत धरून ठेवले.