ओळखीतला ट्रकवाला

वाचकहो, घर हलवायचं म्हटलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्यातून गाव लांबचं असेल तर विचारूच नका! आमच्या ग्रंथपालाची बदली झाली, तीही पार दुसऱ्या टोकाच्या शहरात, आणि घरात खोक्यांचा डोंगर उभा राहिला. न्हाणीघरात जायचं तरी गाद्यांवरून उडी मारावी लागे.

हा ग्रंथपाल म्हणजे संशयाचा पुतळा. कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा वर जाऊन ओढून बघायचा. दुधात पाणी, भाजीवाल्याच्या काट्यात खोट, शेजाऱ्याच्या हसण्यातसुद्धा काहीतरी काळंबेरं! बायको त्याला शंकासुर म्हणायची. पण गंमत अशी, की हा सगळा संशय मनातल्या मनात. तोंडावर विचारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

खरी काळजी होती ती बायकोच्या मशीनची. स्वेटर विणायचं ते लांबलचक मशीन हीच तिची कमाई. नव्या शहरातल्या एका शाळेनं गणवेशाचे स्वेटर तिच्याकडून विणून घ्यायचं कबूल केलं होतं. पहिलंच मोठं काम! मशीनच्या सुया वाटेत वाकल्या, किंवा मशीन पोचलंच नाही, तर ते काम हातचं जाणार होतं.

सामान न्यायला दोघं विचारपूस करून गेली. आधी आली एका वाहतूक कंपनीची बाई. तिनं प्रत्येक कपाट उघडायला लावलं, पलंगाखाली वाकून बघितलं, मशीनभोवती फेऱ्या मारल्या. "याला लाकडी पेटी करावी लागेल. आणि हे सुटं कोण करून देणार?" असं विचारून घेतलं. जाताना परवान्याचा क्रमांक छापलेलं कार्ड ठेवून गेली. ती गेली न गेली तोच ग्रंथपालानं दाराला कडी घातली.

"एवढं काय निरखत होती? उद्या चोरांना टीप देईल ही बाई!"

दुसरा आला मेहुण्याच्या ओळखीतून. तो उंबऱ्यातच उभा राहिला. "अहो दादा, त्यात बघायचं काय? तुमचं घर ते माझं घर! तुम्ही निर्धास्त राहा." आवाज साखरेत घोळलेला. बायकोनं त्याचं नाव तिथल्या तिथे गोडबोल्या ठेवलं.

"अहो, परवाना विचारलात का त्याला?"

"अगं, तुझ्याच भावाच्या ओळखीचा माणूस! त्याच्याकडे परवाना मागायचा? बरं दिसतं का ते?"

कोपऱ्यात ग्रंथपालाची आत्या पेपरात कपबश्या गुंडाळत बसली होती. तिचा सगळा जन्म मुख्याध्यापिका म्हणून गेलेला. तिनं चष्म्यावरून भाच्याकडे बघितलं.

"अरे, दूधवाल्यावर संशय, शेजाऱ्यावर संशय, त्या बिचाऱ्या बाईवरही संशय. आणि ज्याच्या हाती अख्खं घर सोपवतोयस, त्याला साधा एक प्रश्न नाही? भीड ही भिकेची बहीण असते रे!"

"आत्या, अशानं माणूस दुखावतो."

"खरा असेल तर का दुखावेल? मी प्रत्येक नव्या शिक्षकाची प्रमाणपत्रं मागायची. खऱ्या शिक्षकानं कधी राग धरला नाही. आकांडतांडव केलं ते एकानंच, आणि त्याच्याकडे प्रमाणपत्रच नव्हतं!"

ग्रंथपालानं विषय बदलला आणि गोडबोल्याला होकार कळवला.

ठरलेल्या सकाळी ट्रक आला, सोबत गोडबोल्याही होता. दारावरचं आधीचं नाव खरवडून वर निळा रंग फासलेला, तोही अजून ओला. ग्रंथपालाच्या मनात पाल चुकचुकली. हमाल भराभर सामान चढवू लागले. मशीन गादीवर आडवं टाकलं, दोरी गुंडाळली, झालं! बायको नवऱ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

आता मात्र त्याला राहवेना. तो ड्रायव्हरकडे गेला.

"काय हो, तिकडे पोचायला किती दिवस लागतील?"

"तिकडे म्हणजे कुठे?" ड्रायव्हर म्हणाला. "मला तर शहराबाहेरच्या गोदामापर्यंतच सांगितलंय. तिथं माल उतरवून मी परत."

ग्रंथपालाच्या पायाखालची जमीनच सरकली! तो गोडबोल्याकडे वळला. भीड बाजूला सारून त्यानं विचारलं.

"गोदामातून पुढे कोण नेणार आहे? आणि तुमचा परवाना दाखवा."

"अहो दादा, घरच्या माणसांत कसला परवाना?"

"आहे की नाही?"

गोडबोल्याचा आवाज एकदम फिरला. "विश्वास नव्हता तर आधी सांगायचं! भरलेली गाडी आता उतरणार नाही. काय बोलायचं ते माल पोचल्यावर बोला."

"उतरवा!" ग्रंथपाल ओरडला. इतक्या मोठ्यानं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल! आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. "नाहीतर इथूनच पोलिसांना फोन लावतो!"

तो स्वतःच ट्रकमध्ये चढला. मशीनचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं बायकोनं, आणि दोघांनी ते धूड हळूहळू खाली घेतलं. ड्रायव्हरनं चावी खिशात टाकली. "मला ही भानगड नको. घ्या सगळं उतरवून." गोडबोल्यानं गर्दीकडे बघितलं आणि फोन कानाला लावून काढता पाय घेतला.

मग फुटपाथवर मांडलेल्या संसारात एका खोक्यावर बसून ग्रंथपालानं कंपनीच्या बाईला फोन केला. वाटेत गाडी बदलणार का, मोडतोड झाली तर कोण भरून देणार, विमा आहे का, सगळं विचारलं. सामान पुन्हा घरात चढवून परवान्याची खात्री परिवहन कार्यालयात जाऊन करून घेतली. बाई रागावली? छे! "बरं झालं विचारलंत," ती म्हणाली, "लोक नुसता भाव विचारतात." दोन दिवस खोळंबा झाला खरा, पण मशीन लाकडी पेटीतून गेलं आणि धडधाकट पोचलं.

नव्या घरी स्थिरस्थावर झाल्यावर ग्रंथपालानं मेहुण्याला फोन लावला. "तू पाहिला होतास का रे त्या माणसाचा परवाना?"

"मी? छे हो भावोजी! माझ्या मित्रानं नाव सांगितलं, ते मी तुम्हाला सांगितलं."

मित्राला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "मी कुठे ओळखतो त्याला? रस्त्यात एका ट्रकच्या मागे नंबर लिहिलेला दिसला, तो दिला मी!"

बघा मंडळी, याला आपण 'ओळखीचा माणूस' म्हणतो! प्रत्येकाला वाटलं, आधीच्यानं पारखून घेतलंच असेल. तेव्हा संशय मनात कुजवत बसू नका, प्रश्न तोंडावर विचारा. परवाना मागण्यात कुणाचा अपमान नाही, तो आपला हक्क आहे. आणि एवढ्याशा प्रश्नानं ज्याचं पित्त खवळतं, त्याच्या हाती आपला संसार देऊ नका.