बिननक्षीचे तोडे

"काढ," साखराबाईनं उजवा पाय चौरंगावर ठेवला. "दोनी काढ."

गहिनीनाथ सोनारानं फुंकणी बाजूला ठेवली आणि तिच्या पदराकडे पाहिलं. नेहमीची गाठ काही दिसेना. "भर घालायची ना, मावशी? रुपये कुटं हायेत?"

"भर न्हाई. मोडायचे हायेत."

"मोडायचे? कावून? घरात कुनी आजारी हाय का?"

"समदी ठनठनीत हायेत. म्हनून तर आज आले. मानूस आजारी पडल्यावर मोडाया आलं, की सोनार तोंड बघून भाव सांगतो."

गहिनीनाथही सोनारच होता. त्यानं तोड्याचं तोंड फाकवायला लाकडी खुंटी उचलली.

साखराबाईचे तोडे आष्टीच्या बाजारात प्रसिद्ध होते, पण देखणेपणासाठी नव्हे. ना वेलबुट्टी, ना घुंगरू. चांदीचा जाड दांडा वाकवला आणि पायात घातला, एवढंच त्यांचं रूप. बाजाराला आलेल्या बाया त्यांना 'साखराबाईच्या बेड्या' म्हणायच्या आणि पदरात तोंड घालून हसायच्या. ती मनावर घ्यायची नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती पदराच्या गाठीत रुपये बांधून या दुकानात यायची, तोडे वितळवून त्यांत भर घालून घ्यायची, आणि नवे होईपर्यंत पाय लुगड्याखाली घेऊन दिवसभर बसून राहायची. ओक्या पायांनी तिनं या दुकानाची पायरी कधी उतरली नव्हती.

लग्नात बापानं घातलेले तोडे मात्र असे नव्हते. ते फार सुंदर होते. चालली की सारी धनगरवाडी मान वळवून बघायची. पण तिसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला, मेंढ्या पटापट मरू लागल्या, आणि सुग्रीव, तिचा नवरा, तिला आणि ते तोडे घेऊन परगावच्या एका सोनाराकडे गेला. सोनारानं घुंगरं उपटून टाकली, सांध्यांच्या जोडातल्या डाकाचं वजन कापलं, मळाचं कापलं, आणि नक्षीचे पैसे कधी कुणी देतं का, असं वर विचारलं. बापानं मोजलेल्यातले निम्मेही हाती आले नाहीत. साखराबाई वाटभर रडली. सुग्रीव शेवटी म्हणाला, "तुज्या बापानं नक्षी इकत घेतली, साखरे. नक्षी भुकेला कामाला येत न्हाई."

त्या एका वाक्यावर तिनं पुढचा सारा संसार केला. लोकर विकली, कोकरू विकलं, की मीठमिरचीला हात लावण्याआधी एक वाटा पदराच्या गाठीत जायचा. "आदी गाठ, मग हाट," असं ती म्हणायची. नव्या संसारात रुपयामागं चवली, म्हणजे दोन आणे, जायची. पुढं लेक सिदू झाला, दोन वर्षं लोकर सडली, तेव्हा ती चवलीवरून आण्यावर आली, पण गाठ रिकामी ठेवली नाही. सुग्रीव तापानं गेला, तेव्हा भावकी दारात बसली आणि तोडे मोडून तेराव्याचं जेवण दणक्यात घाल म्हणाली. तिनं तीन म्हाताऱ्या भाकड मेंढ्या विकल्या आणि भाकरी-आमटीची पंगत वाढली. लोक पोटभर जेवले आणि नावं ठेवत घरी गेले. सिदू हाताशी आल्यावर ती आण्यावरून थेट अधेलीवर, रुपयामागं आठ आण्यांवर, गेली. सून अंजना घरात आली, तेव्हा तिला पहिल्याच बाजारी एक कोरी पिशवी दिली. "ही तुजी. हिच्यात माजा हात यायचा न्हाई. पर तुजाबी उगंच जाऊ दिऊ नको."

अशी ही बाई आज तोडे मोडायला आली होती, आणि त्याला कारण होतं वाडीच्या वरचं कुरण.

त्या कुरणाच्या गवताचा दर साली आष्टीच्या कचेरीत हर्रास, म्हणजे लिलाव, व्हायचा. तो विठ्ठलराव घ्यायचे. त्यांची जमीन अर्ध्या शिवारात होती. मग ते वाडीच्या धनगरांकडून मेंढीमागं पैसे घ्यायचे, हर्रासाच्या तिप्पट. धनगर कुरकुरायचे आणि द्यायचे. पण औंदा जर्मनच्या लढाईनं सगळंच महाग केलं होतं. नगरच्या छावणीतल्या घोड्यांना गवत पुरेना, म्हणून तिथला एक गवतवाला इंग्रजी मुलूख ओलांडून मोगलाईत, निजामाच्या राज्यात, उतरला होता, आणि विठ्ठलरावांनी त्याच्याशी संगनमत केलं होतं. गवत कापून गाड्यांनी नगरला जाणार. कुरणात एकही मेंढी शिरणार नाही.

म्हणजे वाडीनं गाभण मेंढ्या हाकत आत्ताच उमापूरच्या अंगाला, गोदाकाठी उतरायचं. त्या वाटेनं एका साली साखराबाईची अर्धी कोकरं मेली होती. ती तिनं आपल्या हातानं पुरली होती आणि पुन्हा ती वाट धरायची नाही असं मनाशी ठरवलं होतं.

वाडी जमली. सगळ्यांनी मिळून हर्रास घ्यायचा, असं ठरलं. वाडीतला सटवा तर शड्डू ठोकायचाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांचा माणूस वाडीत नुसता एक फेरा मारून गेला आणि सगळ्यांचे आवाज बसले. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. उरली ती एकटी साखराबाई.

गहिनीनाथनं तोडे तराजूत टाकले. डाक नव्हता, मळ नव्हता, कापायला काहीच नव्हतं. लढाईमुळं चांदीही चढली होती. त्यानं दोनदा वजन केलं आणि उसासा सोडला. "दोनशे साठ रुपये. हाली, निजामाच्या शिक्क्याचे. माज्या बापानं पैले घडवलेले हायेत हे, मावशी. एक ठिव, एक मोड."

"एका तोड्यानं अर्धं कुरन मिळतंय व्हय?"

पैसे फडक्यात बांधून ती दुकानाची पायरी उतरली आणि जवळजवळ पडलीच. इतकी वर्षं पाय वजनासकट उचलायची सवय. वजन गेलं, पण सवय राहिली. प्रत्येक पाऊल हातभर वर उडू लागलं. बाजारातल्या दोन पोरी खिदळल्या. बाहेर उभ्या असलेल्या सिदूनं तिचे घोटे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माय, बाबाच्या वेळचे व्हते गं ते."

"तुज्या बाबानंच शिकिवलं कशापायी ठिवायचे. चल, उशीर झालाय."

कचेरीपुढं लिंबाच्या झाडाखाली हर्रास मांडला होता. तहसीलदार खुर्चीवर, त्याचा कारकून पेशकार खाली सतरंजीवर, आणि गवतवाल्याला शेजारी घेऊन विठ्ठलराव बाकावर. मागं वाडीचे धनगर खाली बघत उभे होते. ते गंमत बघायला आले होते, का लाज वाटून आले होते, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

"साखराबाय, कुरन घ्यायला आलीस का लोकर इकायला?" विठ्ठलराव म्हणाले.

"लोकर तुमीच काढता की मालक, साल-दरसाल. मी कुरनच घेते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

पेशकारानं अट वाचून दाखवली. बोली ज्याच्या नावावर सुटेल त्यानं पुरी रक्कम आजच, दिवस मावळायच्या आत, हाली रुपयांत भरायची, नाहीतर कुरण त्याच्या खालच्या बोलीला. ही अट औंदा नवी होती. गेल्या दोन सालांचे कुरणाचे हप्ते थकलेले होते, ते कुणाचे, हे सांगायला नको. पंधरा दिवसांपूर्वी दवंडीतूनही तेच ओरडून सांगितलं होतं. विठ्ठलरावांनी ते ऐकलं होतं, पण अटी दुसऱ्यांसाठी असतात अशी त्यांची पक्की समजूत होती. साखराबाईनं मात्र ती दवंडी आपल्यालाच आहे असं धरलं होतं.

"बाई बोली लगाएगी?" तहसीलदारानं पेशकाराला विचारलं.

"बोलू द्या की साहेब," विठ्ठलराव हसले. "तेवढीच करमनूक."

बोली शंभरावर सुरू झाली. दीडशे झाली, दोनशे झाली. साखराबाई प्रत्येक वेळी पाच-दहा रुपये वर जायची आणि फडक्यावरचा हात घट्ट करायची. शेवटी तिनं "दोनशे साठ" म्हटलं आणि ओठ मिटले. याच्यापुढं तिच्याकडं काही नव्हतं, आणि उसन्या पैशावर बोली वाढवणारी ती नव्हती.

"तीनशे," गवतवाला आळस देत म्हणाला.

पेशकारानं तीनदा पुकारलं आणि बोली सुटली. वाडीच्या लोकांनी माना खाली घातल्या. सिदू आईच्या दंडाला धरून उठवायला लागला. "चल माय. झालं. उगंच मोडले गं."

"गुमान बस. आजून पैशे कुटं मोजलेत त्येनं?"

गवतवाल्यानं कोटातून नोटा काढल्या. इंग्रज सरकारच्या, कोऱ्या करकरीत. पेशकारानं त्या बघितल्या आणि परत केल्या. हाली पाहिजे.

"विठ्ठलराव," गवतवाला म्हणाला, "रोकड तुम्ही देणार होतात ना?"

"देतो की!" विठ्ठलरावांनी गडी घोड्यावर बसवून घरी पिटाळला.

आता विठ्ठलरावांच्या घरात काय नव्हतं? झोपाळा होता, हंड्याझुंबरं होती, पेवात जोंधळा होता. वैशाखात लेकाच्या लग्नाला त्यांनी नगरहून बेंडबाजा आणला होता आणि पाच दिवस पंगती उठवल्या होत्या. त्या बेंडाचं कौतुक आष्टीत अजून चाललं होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. गडी आधी घरी गेला, तिथून सावकाराकडे गेला. सावकार म्हणाला, आधीचे येऊ द्या. गडी ऊन उतरल्यावर परत आला, आणि त्यानं आणलेली थैली पेशकारानं सतरंजीवर ओतली. ऐंशीसुद्धा भरले नाहीत.

"बाकीचे उद्या सकाळी, साहेब," विठ्ठलराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आमच्या शब्दावर सोडा."

"दो साल से कल ही सुन रहा हूँ," तहसीलदार म्हणाला. त्यानं लिंबाच्या शेंड्यावरचं ऊन पाहिलं. "वो बाई है अभी?"

साखराबाई उठली. पाय पुन्हा हातभर वर गेला, पण या वेळी कुणी हसलं नाही. तिनं फडकं सोडून सतरंजीवर पसरलं आणि मागं सरून उभी राहिली. पेशकार एक-एक रुपया वाजवून बघत मोजत होता. वाडीचे लोक हळूहळू पुढं सरकत गेले आणि शेवटी तिच्या पाठीशी येऊन थांबले. दोनशे साठ भरले.

"पावती किसके नाम?" असं विचारून पेशकारानंच लिहायला घेतलं आणि पुटपुटला, "साखराबाई, बेवा सुग्रीव..."

"साहेब," सुग्रीवची विधवा हे शब्द ऐकून साखराबाईचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्येचं नाव तोंडातल्या तोंडात नगा घेऊ. मोठ्यानं घ्या."

पेशकारानं वर पाहिलं. मग त्यानं पावती हातात धरून, हर्रास पुकारावा तसं खणखणीत वाचलं. "धनगरवाडीच्या वरचं कुरण, चालू साल, साखराबाई, बेवा सुग्रीव!"

सिदूनं फेटा काढून हवेत उडवला. सटवानं त्याला उचलून घेतलं. विठ्ठलराव गवतवाल्याला काहीतरी समजावत कचेरीच्या फाटकातून बाहेर पडले, ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

परतीच्या वाटेवर सटवा तिच्या बाजूनं चालू लागला. जरा वेळ घुटमळला. "साखराकाकी, आमी चुकलो. आता आमच्या मेंढ्यांचं कसं?"

"कसं म्हंजी? येऊ द्या की. मालकाच्या निम्म्या दरानं."

सटवाचं तोंड उतरलं. "फुकट न्हाई?"

"फुकट चरलेलं कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, सटवा. माजे दोनशे साठ फिटंस्तोवर माजे. त्याच्यावरचा रुपयान् रुपया वाडीचा. पुढल्या साली हर्रास हाय का न्हाई? तवा काय परत माजे पाय बघत बसता?" ती थांबली आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आदी गाठ, मग हाट. समद्यांनी."

सटवानं चालता चालता धोतराच्या सोग्यातून एक रुपया काढला, आणि तो तिच्या रिकाम्या फडक्यात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या मेंढ्या कुरणात शिरल्या. गवत गुडघ्याएवढं होतं आणि दंवानं भिजलं होतं. साखराबाई सगळ्यांत पुढं चालली होती, अजून पाय जरा जास्तच उंच टाकत. तिच्या घोट्यांवर तोड्यांच्या जागी कातडीचा पांढरा, मऊ पट्टा उमटला होता. मधेच ती उभी राहिली आणि खाली बघू लागली.

अंजना मागून धावत आली. "आत्या, दुखतंय का?"

"न्हाई गं," साखराबाई म्हणाली. "गार लागतंय. किती सालं झाली, तितं गवतच लागलं नव्हतं."

मग तिनं लुगडं थोडं वर खोचलं आणि मेंढ्यांना हाळी घालत चढणीला लागली.