सांत आंतोनचा उजवा कौल

इनास मेस्त ही गोष्ट स्वतःच सांगायचा. सांगताना स्वतःची इतकी फजिती करून घ्यायचा की नवख्या माणसाला वाटावं, हा आपल्या एखाद्या दुष्मनाबद्दल बोलतोय. गोष्ट सन एकोणीसशे अठ्ठावन्नची, ईस्टरच्या आधीच्या चाळीस उपासांच्या दिवसांतली.

इनास कट्टा गावाच्या अलीकडे राहायचा. धंदा सुतारकीचा, त्यातही दारं-खिडक्या करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चार पिढ्यांचं किरिस्ताव घराणं. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, पहिल्या बाकावर बसायचा, गळ्यात रोजारची जपमाळ, तोंडात सदा एकच वाक्य: "देवाची इच्छा." कपाट वेळेवर झालं नाही, देवाची इच्छा. चहात साखर कमी पडली, देवाची इच्छा. बायको फिलोमेन म्हणायची, ह्या घरात माणसाची म्हणून इच्छाच उरलेली नाही.

आणि ही देवाची इच्छा इनासला कळायची कशी? तर कौलाने. गावच्या देवळात कौल लावतात ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. इनासच्या पणज्याने धर्म बदलला तेव्हा देव बदलला, जेवण थोडं बदललं, पण ही एक सवय बदलायची राहून गेली. घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, गोव्याहून आणलेला सांत आंतोन ह्या संताचा हातभर उंचीचा लाकडी पुतळा होता, डाव्या हातावर बाळ येशूला घेतलेला. इनास त्याच्या उजव्या खांद्यावर जास्वंदीची एक ओली पाकळी लावायचा, दुसरी डाव्या बाजूला बाळाच्या पाठीशी, आणि हात जोडून विचारायचा. पाद्रीबाबाला ह्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

सांत आंतोन मोठा उदार. मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी शेजाऱ्याकडून डुकराच्या मटणाचा वास आला आणि इनासने विचारलं, "एक फोड चाखू का?" तर उजवी पाकळी पडायची. "शिवा परबाचं कपाट पंधरा दिवस लांबवू का?" उजवी. "आज अंग जड आहे, मिस्सेला नाही गेलो तर चालेल का?" उजवी. वीस वर्षांत त्या संताने इनासला एकदाही नाही म्हटलं नाही. इनासला ह्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं, आपलं आणि देवाचं मत जुळतं.

आता मुद्द्याची गोष्ट. इनासला एक थोरली बहीण होती, रोजा. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिचं लग्न तोंडवलीला, समुद्राकाठी झालं. एक्कावन्न साली नवरा वारला, मूलबाळ नाही, तेव्हा ती आईच्या घरी, इनासकडे, आली आणि म्हणाली, "माका आवशीच्या घरातली पडवी दी. आनी काय नको."

पडवीत इनासच्या फणसाच्या फळ्या सुकत होत्या. चांगल्या, रुंद, दोन पावसाळे जपलेल्या. शिवाय रोजा आली म्हणजे उठता-बसता शिकवणार, हे खोटं नव्हतं. पण बहिणीला फळ्यांसाठी नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून इनास आल्तारापुढे गेला आणि त्याने विचारलं, "सांत आंतोना, रोजाला नको म्हणू का?"

उजवी पाकळी पडली. इनास बाहेर आला, आवाज जड करून म्हणाला, "बाय, माजा मन तुका व्हय म्हणता. पण देवाची इच्छा न्हय."

रोजा म्हणाली, "देवच नको म्हणता तर तू तरी काय करतलंस?" बोचकं उचललं आणि तोंडवलीची वाट धरली. त्यानंतर सात वर्षं ती ह्या घरात आली नाही. फळ्या मात्र छान सुकल्या.

अठ्ठावन्न साली इगर्जीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, बेळगावकडचे नवे पाद्री आले, फादर लोबो. मिस्स लातिन भाषेत असायची, त्यामुळे तिचा कुणाला त्रास नव्हता. त्रास झाला तो प्रवचनाचा, कारण ते स्वच्छ मराठीत असायचं. उपासांच्या तिसऱ्या रविवारी फादर म्हणाले, "स्वर्गाचं दार देवाने उघडं ठेवलं आहे. पण तो कुणाला हाताला धरून आत ओढत नाही. आत्म्याचं तारण हवं की नको, हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं."

इनासला हे धंद्याच्या दृष्टीनेही पटलं नाही. कायम उघडंच ठेवायचं तर दार बसवायचं कशाला? आणि सगळं आपणच ठरवायचं तर देवाने काय नुसतं बसून राहायचं? घरी येईपर्यंत तो कुरकुरत होता.

दारात तोंडवलीची तुळसा मासळीची टोपली उतरून बसली होती. बांगडे दाखवायच्या आधीच तिने निरोप सांगितला. "रोजाबाय पडली हां. कमरेचा हाड मोडला. वैद्य म्हणता, आता ती उठाची नाय. शेजारी पेज घालतत, पण किती दीस घालतले? ती म्हणता, माका आवशीच्या घरात मराचा आसा."

इनास खांबाला टेकला. तुळसा पुढे म्हणाली, "आनी तुका सांगूक सांगल्यान, सांत आंतोनाक परत एकदा इचार. सात वर्सां झाली, म्हणता, आता तरी तेचो माज्यावरचो राग गेलो आसात."

इनासला पहिल्यांदाच कळलं की बहीण सात वर्षं काय समजून बसली आहे.

तो आल्तारापुढे गेला. पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "रोजाला आणू का?" उजवी पडली. इनासने सुस्कारा सोडला. पण लगेच मनात आलं, अंथरुणाला खिळलेलं माणूस. कोण उचलणार, कोण धुणार, फिलोमेनचे गुडघे आधीच दुखतात. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. "रोजाला नको आणू का?"

उजवी पडली.

त्याने तिसऱ्यांदा लावल्या आणि विचारलं, "मी गाढव आहे का?" उजवी इतक्या झटकन पडली की जणू प्रश्नाचीच वाट बघत होती.

मागे फिलोमेन उभी होती. ती पुढे आली, डोक्यातला आकडा काढला आणि बाळ येशू आणि संत ह्यांच्यामधल्या फटीतून डावी पाकळी ओढून काढली. म्हणाली, "हय अडाकता ती. पडतली खंयसून? मी दर शनवारी हीच काडतंय. वीस वर्सां काडतंय."

"तुका म्हायत होता?" इनास ओरडला. "आनी माका बोललंस नाय?"

"तुमी देवाक इचारी होतास," फिलोमेन म्हणाली. "माका खंय इचारलास?"

इनास मटकन खाली बसला. वीस वर्षं तो ज्याला देवाची इच्छा म्हणत होता ती एका लाकडी फटीची करामत होती. बरं, फट बिचारी निर्दोष. ती प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायची. काय विचारायचं ते इनास ठरवायचा. दारं करणाऱ्या माणसाला, फटी बुजवण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला घरातली ही एवढी एक फट वीस वर्षं दिसू नये! गोष्ट सांगताना ह्या ठिकाणी इनास स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचा आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. त्या दिवशी मात्र तो रडला.

संध्याकाळी तो कुमसाराला गेला, म्हणजे पाद्र्यापुढे पापं कबूल करायला. फादरसमोर तो मराठी शाळेतलं मराठी बोलायचा. गुडघे टेकून त्याने सगळं सांगितलं, फळ्यांसकट. मधल्या जाळीपलीकडून फादरचा दबका खोकला ऐकू आला. इनासला वाटलं, फादर हादरले. खरं तर ते हसू दाबत होते.

"मग आता काय ठरवलंत?" फादरनी विचारलं.

"तेच तर, फादर. आता देवाची इच्छा काय, ते तुम्हीच मला सांगा."

"पाकळी चालेना म्हणून आता मला चिकटवताय होय?" फादर म्हणाले. "इनासबाब, तुम्ही क्षमा मागायला आलात की परवानगी मागायला?"

खरं सांगायचं तर इनास परवानगी मागायलाच आला होता, आणि जमलं तर ती रोजाला न आणण्याची. तोंडवलीतच तिच्यासाठी एखादी बाई ठेवा, असं पाद्र्याने म्हटलं असतं तर त्याने फादरचे हात चुंबले असते.

"देवाने तुम्हाला बहीण दिली," फादर म्हणाले, "डोकं दिलं, दोन धड पाय दिले. त्याने आणखी किती स्पष्ट बोलायचं? जा. ठरवा, आणि मग या. क्षमा कुठे पळून जात नाही."

इनास रागावून घरी आला. इतका रागावला होता की काहीतरी आपटावंसं वाटत होतं. पडवीत जाऊन त्याने एक फळी उचलली आणि अंगणात आपटली. मग दुसरी. फणसाचं लाकूड जड असतं. चौथ्या फळीला राग संपला, पाचव्या फळीला दम लागला, पण हात थांबेनात. फिलोमेन बाहेर आली. काय करताय म्हणून तिने विचारलं नाही. पदर खोचला आणि फळीचं दुसरं टोक धरलं. दिवेलागणीपर्यंत पडवी रिकामी झाली. फिलोमेनने ती शेणाने सारवली. आपण ठरवलं केव्हा, हे इनासला पुढेही कधी नेमकं सांगता आलं नाही.

सकाळी महादू गाडीवानाची बैलगाडी आणि वर गवताची गादी घेऊन तो निघाला. महादूला गाडीसह खाडीच्या अलीकडे थांबवून तरीच्या होडीतून तोंडवलीला उतरला. वाटभर तो एकच वाक्य घोळवत होता: "बाय, सांत आंतोन व्हय म्हणालो." वाक्य सुरेख होतं. खोटंही नव्हतं, पाकळी पडली होतीच. रोजा खूश होणार, देव थोर ठरणार, इनासची अब्रू राहणार आणि सात वर्षांचा हिशेब कुणी काढणार नाही. इतकं सोयीचं वाक्य त्याला आयुष्यात सुचलं नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला टोचायला लागलं.

माडांतल्या एका खोपटात रोजा पडली होती. अंगाचं चिपाड झालं होतं. डोळे मात्र तेच, लहानपणी त्याला धाकात ठेवणारे. तिने त्याला बघितलं आणि ती बोलली ती अगदी हळू, घाबरत.

"काय म्हणालो रे सांत आंतोन?"

वाक्य इनासच्या जिभेवर तयार होतं. त्याने तोंड उघडलं. मग ती त्या घाबऱ्या आवाजात असं का विचारते आहे ते त्याला आठवलं आणि वाक्य तिथेच राहिलं.

"काय म्हणाक नाय," तो म्हणाला. "तेवा पण काय म्हणाक नव्हतो. नको म्हटलंय ता मियां. माका फळ्यो ठेवूक पडवी होई होती, बाय. देवाचा नाव मियां लावलंय."

इनास मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे देव नको म्हणाक नव्हतो?" तिने विचारलं.

"नाय."

"नक्की?"

"नक्की गो. मीच."

आणि रोजा हसायला लागली. कंबर दुखत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसत होती. "तू होय!" ती म्हणाली. "अरे मेल्या, तू! आनी मी सात वर्सां रोज रात्री देवाक इचारतंय, माजा काय चुकला म्हणान. माका वाटला, देवाकच मी नको झालंय." तिने पदराने तोंड पुसलं. "तू असोच. न्हानपणापासून असोच. तुज्याकडसून माका कदी काय आशा होती?"

इनास आयुष्यात अनेकदा बोलणी खाऊन बसला होता, पण आपण इतके क्षुल्लक आहोत म्हणून कुणाला एवढा आनंद झालेला त्याने कधी पाहिला नव्हता. त्याला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या केल्या.

मग तो तिच्या अंथरुणाशी वाकला. "येतंस मा, बाय?" त्याने विचारलं. "माका माफ केलंस मा?"

रोजाने एक हात त्याच्या गळ्याभोवती टाकला. हात काटकुळा होता, पण पकड जुनीच होती.

"येतंय," ती म्हणाली. "माफ करूचा की नाय, ता मी ठरयतलंय. देवाक मदी घालू नको."